वस्तुसंग्रहालयातील वस्ती

गेल्या वर्षी शाळेच्या वर्धापनदिनानिमित्त आम्ही मधल्या दालनात ‘जुन्या बडोद्यातील मराठी घर’ या नावाचे एक छोटेखानी प्रदर्शन मांडले होते. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील जुने वाडे एकेक करून पाडले जात आहेत. आपल्या पणज्या कशा घरांत नांदल्या, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळावे, एवढाच आमचा साधा हेतू. पालकांनी हौसेने पितळी घंगाळे, तांब्याचा बंब, जाते, पाटा-वरवंटा, फिरकीचा तांब्या, अडकित्ते, फणेरपेटी असे पुष्कळ सामान आणून दिले. चित्रकलेच्या शिक्षकांनी पुठ्ठ्याच्या भिंती रंगविल्या. पितळ चिंचेने घासून लखलखीत केले होते. प्रदर्शन देखणे झाले, असे सर्वांनी सांगितले.

दोघांनी मात्र तसे सांगितले नाही. एक नव्वदी गाठलेल्या आजी नातसुनेचा हात धरून आल्या होत्या. स्वयंपाकघरासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आहे हो, पण इथं कुणी राहत नव्हतं.” मी कारण विचारले. चुलीमागची भिंत पांढरी कशी? आमची तर काजळीने काळीकुळकुळीत असे. आणि एवढे पितळ बाहेर? ते माळ्यावर, दिवाळीला नाहीतर लग्नकार्याला खाली यायचे. रोजच्याला जर्मनची पातेली, तीही पोचे पडलेली. दुसरे गृहस्थ म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. त्यांनी पुठ्ठ्याच्या भिंतीला वळसा घालून मागे पाहिले आणि मला विचारले, “सर, मागचं दार काढलं नाही का? माझी आई त्याच दारानं यायची.” त्यांची आई वाड्यामागच्या बोळातून टोपलीचे संडास साफ करावयास येत असे. मजजवळ उत्तर नव्हते.

आपल्याच शहरात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे; आणि मी पंचवीस वर्षे त्याच्या दारावरून गेलो, पण आत काय शिकवितात याची चौकशी करावीशी कधी वाटली नाही. या दोन प्रश्नांनंतर मात्र तेथील पुस्तके चाळली, इतर ठिकाणी हे काम कसे करतात ते समजून घेतले. त्यातून जे हाती लागले ते या लेखात मांडतो. आपल्या मंडळींत अनेकांच्या घरी माळ्यावर असे सामान पडून आहे, आणि इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथेही जुन्या मराठी वस्त्यांची हीच गत आहे. म्हणून ते सर्वांस उपयोगी पडेल असे वाटते.

संग्रहालयाची जुनी रीत अशी, की वस्तू तिच्या जागेवरून उचलावयाची, काचेच्या कपाटात ठेवावयाची आणि खाली चिठ्ठी लावावयाची. या रीतीने वस्तू जगते, पण तिचे शेजारपाजार नाहीसे होते. अडकित्ता दिसतो; तो कोणाच्या हाती असे आणि त्या वेळी समोर कोण बसत असे, ते दिसत नाही. या रीतीविरुद्ध पहिले मोठे पाऊल स्वीडनमध्ये पडले. आर्तूर हाझेलियुस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले आणि त्यात खेड्यांतील घरेच्या घरे उचलून आणून उभी केली. पण ती बहुतांशी शेतकऱ्यांची घरे. शहरातील घर जपावे, असे त्या काळी फारसे कोणास वाटत नव्हते. शहर म्हणजे पाडावयाचे आणि पुन्हा बांधावयाचे, असाच समज होता. तो अजून गेला आहे असे नाही.

शहराच्या घराकडे लक्ष वळविले ते डेन्मार्कमधील ऑर्‍हुस येथील पेटर होल्म यांनी. १५९७ सालचे एक जुने घर १९०८ मध्ये पाडले जाणार होते. होल्म यांनी ते वाचविले. १९०९ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात ते पुन्हा उभारले गेले, आणि १९१४ साली वनस्पती-उद्यानात त्याच घराभोवती ‘डेन गामले ब्यू’, म्हणजे ‘जुने गाव’, हे संग्रहालय सुरू झाले. एका घराने सुरुवात झाली आणि पुढे वेगवेगळ्या गावांतून आणलेल्या घरांची गल्ली, चौक, दुकाने असे नगरच तयार झाले. होल्म हे व्यवसायाने शिक्षक होते, आणि हाझेलियुस यांनीही आरंभी शिक्षकी केली होती. आमच्या पेशातील माणसांना जुन्या वस्तू गोळा करण्याची खोड असते, असे आमच्या घरून नेहमी ऐकावे लागते. त्यास हा थोडा आधार मिळाला.

इंग्लंडमध्ये यॉर्क शहरी १९३८ साली डॉक्टर जॉन कर्क यांच्या संग्रहातून एक संग्रहालय उघडले. जागा होती जुन्या स्त्री-तुरुंगाची. कर्क हे खेड्यांतून फिरणारे डॉक्टर. फीच्या ऐवजी कधी कधी ते रुग्णाची जुनी वस्तू घेत, असे सांगतात. त्यांनी छताखाली एक संपूर्ण रस्ताच उभारला. त्यात पाडलेल्या इमारतींतून आणलेल्या दुकानांच्या दर्शनी बाजू, फरसबंदी आणि बग्गी मांडली होती. लोकांची झुंबड उडाली. पण हा रस्ता कोणत्या सालचा, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. इकडचे दुकान, तिकडचा दिवा, असे सारे एकत्र आले होते. तेव्हा २०१२ च्या सुमारास सगळ्याची फेरमांडणी झाली, आणि १८७० ते १९०१ या काळात यॉर्कमध्ये प्रत्यक्ष चाललेल्या दुकानांशी एकेक दुकान जुळवून घेण्यात आले. त्याच सुमारास त्या देखण्या रस्त्यास गरिबांच्या वस्तीची एक अंधारी बोळही जोडण्यात आली. म्हणजे आमच्या शिपायांनी विचारलेला प्रश्न यॉर्ककरांनाही पडला होता. उत्तर द्यावयास त्यांना सत्तरहून अधिक वर्षे लागली, एवढेच.

या सर्वांत मला सर्वाधिक शिकवून गेले ते न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड रस्त्यावरील ९७ क्रमांकाचे घर. ती आपल्या मुंबईच्या चाळीची अमेरिकन बहीण म्हणावी अशी इमारत आहे. लूकास ग्लोकनर नावाच्या जर्मन शिंप्याने ती १८६३ साली बांधली. एकेका मजल्यावर चार बिऱ्हाडे आणि एकेका बिऱ्हाडास तीन लहान खोल्या. त्यांतील एकाच खोलीस बाहेरचा उजेड मिळे. संडास मागील अंगणात. १८६३ पासून १९३५ पर्यंत वीसहून अधिक देशांतून आलेली सुमारे सात हजार माणसे येथे राहून गेली. १९३५ साली नव्या नियमांप्रमाणे दुरुस्ती करण्यापेक्षा मालकाने भाडेकरूंना बाहेर काढले आणि वरचे मजले बंद करून टाकले. खालची दुकाने तेवढी चालू राहिली. पुढे पन्नासहून अधिक वर्षे वरच्या खोल्या तशाच बंद होत्या. १९८८ साली रूथ अब्राम आणि अनिता जेकबसन या दोघी संग्रहालयासाठी जागा शोधत तेथे आल्या, तेव्हा भिंतींवर कागदाचे थरावर थर चिकटलेले होते. कित्येक ठिकाणी ते वीसहून अधिक भरले. प्रत्येक थर म्हणजे एका कोणा बिऱ्हाडकरूने आपली खोली जरा बरी दिसावी म्हणून केलेली धडपड.

येथील मांडणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ‘एक सर्वसाधारण गरीब कुटुंब’ त्यांनी मांडले नाही. जनगणनेचे कागद, मतदारांच्या याद्या, न्यायालयातील दप्तर आणि फरशीखाली सापडलेल्या बारीकसारीक वस्तू यांवरून कोणत्या खोलीत कोण राहत होते ते त्यांनी शोधले, आणि एकेक खोली एकेका खऱ्या कुटुंबास दिली. नताली गुम्पर्ट्झ या जर्मन-ज्यू बाईंचे उदाहरण घ्या. १८७४ च्या मंदीच्या दिवसांत त्यांचे पती यूलियुस एके सकाळी कामास म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. पदरी लहान मुले. नतालीबाई घरात शिवणकाम करून संसार चालवू लागल्या. पुढे १८८३ साली सासऱ्यांच्या मिळकतीतील पतीचा हिस्सा मिळावा म्हणून पती मृत ठरविण्यासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले, आणि साक्ष देण्यास घरमालक ग्लोकनर स्वतः उभे राहिले. त्या दप्तरामुळेच आज त्यांची कथा ठाऊक आहे. त्या खोलीत शिवणयंत्र आहे ते ‘जुने शिवणयंत्र’ म्हणून नव्हे. नवरा परागंदा झाल्यावर ज्यावर पोट भरले ते यंत्र म्हणून ते तेथे आहे. चिठ्ठी न वाचताही पाहणाऱ्यास हे कळावे अशा बेताने ते खिडकीशी, उजेडात ठेवले आहे.

दुसरे बिऱ्हाड बाल्दिझी या इटालियन कुटुंबाचे. ते १९३५ साली बाहेर पडलेल्या शेवटच्या बिऱ्हाडांपैकी एक. त्यांची कन्या जोसेफीन या तेव्हा लहान होत्या. पुढे म्हातारपणी त्या संग्रहालयात आल्या आणि खोलीत काय कोठे होते ते त्यांनी सांगितले. चीजच्या लाकडी पेटीत वडिलांनी लावलेला फुलांचा वेल, रेडिओवर लागणारी इटालियन नाटके, आईचा स्वच्छतेचा अतोनात सोस हे सर्व त्यांच्याकडून कळले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे आणि तो त्या खोलीत उभे राहून ऐकावयास मिळतो. शिवाय संग्रहालयाने एक खोली मुद्दाम काहीही दुरुस्त न करता, पोपडे आलेल्या भिंतींसह तशीच ठेवली आहे. दुसऱ्या खोल्यांत आपण जे पाहिले ते पुन्हा मांडलेले आहे, हे प्रेक्षकाने विसरू नये म्हणून. मला हा प्रामाणिकपणा फार भावला. आपल्याकडे ‘जसेच्या तसे’ असे लिहिलेली पाटी पाहिली की मला आता शंका येते.

पण याच पद्धतीने त्यांना एका अडचणीत आणले. या घरात राहिलेल्यांचीच कथा सांगावयाची, असा त्यांचा नेम होता. त्या इमारतीत जोसेफ मूर नावाचे एक आयरिश वेटर राहत असत. १८६९ च्या शहर-यादीत त्यांचे नाव आहे, आणि त्याला लागूनच त्याच नावाचे, त्याच धंद्याचे दुसरे जोसेफ मूर. त्यांच्या पुढे ते कृष्णवर्णीय असल्याची खूण केलेली. प्रेक्षक ती यादी पाहून दुसऱ्या मूरविषयी विचारीत. ते या घरात कधी राहिले नव्हते, शहराच्या दुसऱ्या भागात राहत होते. नेम पाळावा तर कृष्णवर्णीयांची कथा कधीच यावयाची नाही, कारण ९७ क्रमांकाच्या घरात ते नव्हते. आणि ज्या घरांत ते राहिले ती घरे आता उभी नाहीत. पुष्कळ वाद झाला. अखेर संग्रहालयाने नेम मोडला, आणि २०२३ च्या अखेरीस जोसेफ आणि त्यांच्या पत्नी रेचल मूर यांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड याच इमारतीत उभारले. काहींना हे खटकले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. इमारतीच्या पुराव्यावर उभे राहिलेले संग्रहालय पुराव्यापासून दूर सरकले, हा आक्षेप गंभीर आहे. तथापि ज्यांचे घरच टिकू दिले गेले नाही, त्यांच्याकडे घराचा पुरावा मागणे हेही न्यायाचे नव्हे. मला स्वतःला संग्रहालयाचा निर्णय पटतो, मात्र एका अटीवर: हे बिऱ्हाड येथले नव्हे, हे दारातच स्पष्ट सांगितले पाहिजे.

जपानमधील एक उदाहरण तंत्राच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. टोकियोतील फुकागावा एदो संग्रहालय १९८६ साली उघडले. तेथे सागाचो नावाची नदीकाठची वस्ती, सुमारे १८४२ सालची, खऱ्या आकारात एका उंच दालनात उभारली आहे. तेलाच्या व्यापाऱ्याची पेढी, भाजीवाला, तांदूळ कांडणारा, आणि मागे गरिबांच्या एका ओळीतील खोल्या; त्यांची सामाईक विहीर, सामाईक संडास, कचऱ्याची जागा. दिवे मंद होत होत संध्याकाळ होते, पुन्हा पहाट होते, कोंबडा आरवतो. प्रत्येक खोलीत कोण राहते, त्याचे वय किती, धंदा कोणता, हे आधी ठरवून मग सामान मांडले. ती माणसे कल्पित आहेत, पण त्यांच्या मिळकतीत बसेल तेवढेच सामान त्यांच्या खोलीत आहे. शिंपले सोलून विकणाऱ्याच्या खोलीत फार तर चार भांडी. जोडे काढून आत जाता येते, वस्तू हातात घेता येते. माणसांचे पुतळे उभे करण्याऐवजी त्यांनी छपरावर एक मांजर बसविले आहे. मेणाच्या पुतळ्याकडे प्रेक्षक पाहतो आणि खोलीकडे पाहण्याचे विसरतो. पुतळा नसला की ‘घरची माणसे आताच बाहेर गेली असावीत’ असे वाटते.

आता आमच्या चुका मला स्पष्ट दिसू लागल्या. पहिली चूक सालाची. ‘जुने घर’ असे कोणत्याही काळी नव्हते. बडोद्यात आजव्याचे पाणी नळाने येण्यापूर्वीचे घर आणि नंतरचे घर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे: आधी घरातील अर्धा दिवस आडावर जात असे, नंतर नळाच्या वेळा सांभाळण्यात. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण केल्यावर माजघराच्या कोनाड्यात मुलीचीही पाटी आली. त्याआधीच्या घरात ती ठेवली तर खोटे बोलल्यासारखे होईल. आम्ही बंब, रॉकेलचा दिवा आणि विजेचे बटण ही तिन्ही एकाच भिंतीवर लावली होती. आता आम्ही साल ठरविले आहे: १९४८ चा हिवाळा. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यापूर्वीचा हा शेवटचा हिवाळा. आणि, हे अधिक महत्त्वाचे, आजींना तो आठवतो.

दुसरी चूक लखलखीटीची. वापराची खूण हीच खरी माहिती असते. पाट्याच्या मध्यभागी पडलेला खळगा, उंबऱ्याची एका बाजूस झिजलेली कड, दाराच्या कडीभोवती तेलकट हातांचा काळा डाग, ही आम्ही घासून घालविली. तिसरी चूक सामानाच्या भरमाराची. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलुपे, फण्या यांच्या रांगा पाहताना डोळे दिपतात. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर घरोघर फिरून हे जमविले आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केले नसते तर त्यांतील बहुतेक मोडीत गेले असते. त्यांचे ऋण मोठे आहे. पण रांग ही संग्रहाची भाषा आहे, संसाराची नव्हे. एका घरात अडकित्ता एकच असतो, आणि तोही वेळेवर सापडत नाही.

उजेडाविषयी एक व्यावहारिक सूचना. जुने लुगडे, शालू, अंगरखा अशी वस्त्रे प्रखर दिव्याखाली महिनोन् महिने टांगली तर रंग उडतो आणि धागा कुजतो. संग्रहालये अशा वस्त्रांवर सुमारे पन्नास लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत, म्हणजे मंद उजेडाच्या खोलीइतकाच. आम्ही एका कुटुंबाचे पणजीचे लुगडे खिडकीत टांगले होते. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली आहे. हाताळण्याच्या वस्तू नव्या घडवून घ्याव्यात आणि अस्सल वस्तू हाताबाहेर ठेवाव्यात, हा सोपा तोडगा आहे. आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती देणाऱ्याकडून चार ओळी लिहून घ्याव्यात: कोणाची, कोणत्या खोलीतली, कोण वापरी, रोज की सणाला. ही वही नसेल तर वीस वर्षांनी हाती केवळ भंगार उरते.

बडोद्यात दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा भिंतीवरील चित्रांसह सरकारी संरक्षणाखाली आहे. ते उचितच. पण तो दिवाणांचा वाडा. कारकुनाच्या, शिक्षकाच्या, पुजाऱ्याच्या दोन खोल्यांस कोण संरक्षण देणार? आणि मागच्या बोळास?

त्या बोळाविषयी मी यंदाच्या नियोजनाच्या सभेत विषय काढला, तेव्हा वातावरण जरा अवघडले. आनंदाच्या प्रसंगी ते कशाला, असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. मुलांच्या मनावर काय परिणाम होईल, असे दुसऱ्यांनी विचारले. दोघेही भले गृहस्थ आहेत. हाताने मैला उपसण्याची प्रथा १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली अधिक कडक कायद्याने बंद करावी लागली, म्हणजे हा काही पेशवाईतील विषय नव्हे, असे मी सांगितले. वाड्याचे सोवळे आम्ही हौसेने मांडणार, तर ते सोवळे कोणाच्या श्रमावर पाळले जाई ते झाकून ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? सभा काही न ठरता संपली. दुसऱ्या सभेत एका मताने ठराव झाला.

मग मी त्या निवृत्त शिपायांच्या घरी गेलो. बोळात काय ठेवावे, हे तुम्ही सांगाल तसे करू, असे म्हणालो. माझ्या मनात टोपली, झाडू, राखेचा डबा असे काहीसे होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “टोपली-झाडू मांडू नका, सर. ते तिचं नव्हतं, म्युनिसिपालिटीचं होतं.” आत जाऊन त्यांनी मिसरीची एक पत्र्याची डबी आणली. काम संपले की आई बोळाच्या पायरीवर बसून मिसरी लावीत असे, आणि तेवढ्या वेळात माजघरातील बाई वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतीत असे. दोघी बोलत, पुष्कळ बोलत, असे ते म्हणाले. काय बोलत ते त्यांना आठवत नाही. तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते, म्हणजे हा काळ आमच्या १९४८ च्या हिवाळ्यानंतरचा आहे. दारावरच्या पाटीत तसे साल घालून लिहावयाचे ठरले आहे. त्यांचे सांगणे ध्वनिमुद्रित केले, चाळीस मिनिटे भरले. आजींचेही झाले, त्या मात्र तीन दिवस बोलल्या.

वाडी भागात पाडल्या जाणाऱ्या एका वाड्याचे मागचे दार ठेकेदाराने आम्हांस लाकडाच्या भावाने दिले. उंची साडेचार फूट. आत शिरताना वाकावेच लागते. नववीच्या मुलांनी त्या वाड्यामागील बोळाचे माप घेतले आहे: रुंदी साडेतीन फूट, मधून उघडे गटार. आमच्या दालनाचा व्हरांडा सहा फुटांचा आहे, तेव्हा आता अडीच फुटांचा आडोसा घालण्यासाठी सुतार पाहतो आहोत.